घराचं तोंड तळ्याकडे करण्याआधी उत्तर दिशा कुठे आहे ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत तळ्याकाठच्या घरावर पानभर लेख आलाय, फोटो झकास आहेत, लिहिलंयही छान, पण माझा धंदाच घरांचे नकाशे काढायचा असल्यामुळे नजर आधी प्लॅनवर गेली आणि तिथेच अडकली. लेखात म्हटलंय की हे घर हिवाळ्यात उणे ३० आणि उन्हाळ्यात ३५ डिग्री अशा हवेसाठी आहे, म्हणजे वर्षभरात ६५ डिग्रीचा फरक, आणि प्लॅनवर उत्तर दिशेचा बाणच नाही! तळं कुठे आहे ते निळ्या रंगात मस्त दाखवलंय, सूर्य कुठून येतो ते मात्र गुलदस्त्यात. आणि तळ्याकडची अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत काचेची. आता हे तळं घराच्या दक्षिणेला असेल तर ती काच एक वेळ चालेल, पश्चिमेला असेल तर उन्हाळ्यात संध्याकाळी तिथे कोणी टिकणार नाही, उत्तरेला असेल तर हिवाळाभर ती भिंत घरातली ऊब नुसती बाहेर फेकत बसणार. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा पण दिशेचा मुद्दा ठेवा.

माझं म्हणणं साधं आहे. अशा जागी घर काढताना आधी ऊन बघा, वारा बघा, जमीन आणि बर्फ बघा, आणि हे सगळं बसल्यावर जी जागा उरेल तिथे व्ह्यू. लोक नेमकं उलटं करतात कारण प्लॉटचे पैसेच व्ह्यूसाठी मोजलेले असतात, ते कळतं मला, पण व्ह्यू म्हणजे सगळीच भिंत काचेची असं कोणी सांगितलं? चंडीगढ आखणाऱ्या ल कॉर्बुझिएने १९२३-२४ मध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी आईवडिलांसाठी एक छोटं घर बांधलं, २०१६ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सरोवराकडे ११ मीटर लांब आडवी खिडकी आहे त्याला, पण बागेत त्याने चक्क भिंत घातली, सरोवर झाकून टाकलं आणि त्या भिंतीत एक चौकोनी खिडकी तेवढी ठेवली. सगळं चोवीस तास समोर असलं की माणूस बघायचंच सोडून देतो, हे त्याला बरोबर कळलं होतं. (त्याच घराला पुढे तडे गेले आणि बाहेरून पत्रा चढवावा लागला हेही सांगून टाकतो, पाण्याला खेटून घर बांधायची हौस असणाऱ्यांसाठी.)

आता काचेचा हिशोब. घरात २० डिग्री, बाहेर उणे ३०, म्हणजे फरक ५० चा. इन्सुलेशन नीट भरलेली भिंत दर चौरस मीटरला दर डिग्रीला साधारण ०.१५ वॉट उष्णता सोडते, चांगल्यातली चांगली तिहेरी काच ०.८, जुनी दुहेरी काच २.८ च्या आसपास आणि एकेरी काच साडेपाचच्या वर. २० चौरस मीटरची भिंत धरली तर भिंतीतून १५० वॉट जातात, तिहेरी काचेतून ८००, दुहेरीतून २८००. पण बिल सोडा, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते काचेचं आतलं तापमान. तिहेरी काच आतून १५ डिग्रीच्या आसपास राहते, शेजारी खुर्ची टाकून आरामात बसता येतं. जुनी दुहेरी काच आतून २ डिग्रीवर येते. हवेत ४० टक्के आर्द्रता असेल तर २० डिग्रीच्या खोलीत ६ डिग्रीला दव धरतं, म्हणजे त्या काचेवर पाणी सुटणार, ते ओघळून खालच्या चौकटीत साचणार, लाकूड असेल तर दोन-तीन हिवाळ्यांत कोपऱ्याला काळं पडतं आणि नख लावलं तर नख आत जातं. वर काचेलगतची हवा गार होऊन खाली येते आणि पायांना झोंबते, मग लोक म्हणतात खिडकीतून वारा येतोय, सीलंट भरा. खिडकी घट्टच असते, वारा तिथेच तयार होत असतो. तुमच्या लेखात काच एकेरी की तिहेरी याचा एक शब्द नाहीये, सोफ्याचा रंग मात्र आहे.

उन्हाचं गणित मला सगळ्यात आवडतं म्हणून इथे थोडा वेळ घेतो. ४५ अक्षांशावर (उत्तर गोलार्ध धरा) २१ जूनला भर दुपारी सूर्य साडेअडुसष्ट डिग्रीवर असतो आणि २१ डिसेंबरला फक्त साडेएकवीसवर. दक्षिणेच्या २ मीटर उंच काचेवर नेमका ८० सेंटिमीटरचा छज्जा काढला तर जूनच्या दुपारी अख्खी काच सावलीत आणि डिसेंबरात फक्त वरचे ३० सेंटिमीटर झाकले जातात, बाकी ऊन सरळ घरात. फुकटचा हीटर. कॉलेजात हे शिकवतात आणि मुलं खूश होतात. पण तळ्याकाठी एक गोम आहे. २० एप्रिल आणि २३ ऑगस्टला सूर्य आकाशात जवळपास एकाच उंचीवर असतो, छज्जाची सावलीही तेवढीच पडते, पण एप्रिलमध्ये तळ्यावर अजून बर्फ असू शकतो आणि ऑगस्टमध्ये घामाच्या धारा. हवा सूर्याच्या मागे रेंगाळते आणि तळं हवेच्याही मागे. पाण्याला तापायला त्याच वजनाच्या हवेच्या चौपट उष्णता लागते, शिवाय एक किलो बर्फ नुसता वितळायलाच ३३४ किलोज्यूल जातात, त्यामुळे काठावरचा वसंत आतल्या भागापेक्षा गार आणि लांबलेला, आणि शरद ऋतू उबदार पण दमट. म्हणजे एप्रिलला पुरेसं ऊन द्यावं तर ऑगस्टला भाजून निघतो आणि ऑगस्टला सावली द्यावी तर एप्रिलला कुडकुडतो, पक्का छज्जा दोन्ही करूच शकत नाही. त्यासाठी हलती सावली लागते, एकतर काचेच्या बाहेर लावलेले पडदे किंवा झडपा (आतले पडदे उष्णता आत आल्यावर अडवतात, उपयोग अर्धाच), नाहीतर पानगळीची वेल चढवलेला मांडव. वेल कॅलेंडर बघत नाही, हवा बघते, वसंत लांबला तर पालवी उशिरा फुटते आणि ऑगस्टात ती भरगच्च असते. तिची निष्पर्ण काटकीही थोडी सावली करते हे खरं, पण मी मांडवाच्याच बाजूने आहे.

पश्चिमेला तळं असलं तर गोष्टच वेगळी. सूर्य डोक्यावर असताना शांत पाणी जेमतेम २-३ टक्के प्रकाश परत फेकतं, पण सूर्य क्षितिजापासून १० डिग्रीवर आला की जवळपास एक तृतीयांश. म्हणजे संध्याकाळी तुमच्या काचेवर दोन सूर्य येतात, एक वरून आणि एक खालून, आणि खालच्यासाठी छज्जा कितीही पुढे काढा काही होत नाही. तिथे काच कमी करा, खिडक्या उभ्या आणि अरुंद घ्या, बाहेर झाडं ठेवा. याचीच दुसरी बाजू अशी की तळं दक्षिणेला असेल आणि हिवाळ्यात गोठून वर ताजा बर्फ पडला असेल तर तो ८०-९० टक्के प्रकाश परत फेकतो, आणि तोच बर्फ डिसेंबरच्या फिकट उन्हात घराला बोनस देतो. म्हणून म्हणतो बाण दाखवा हो.

वाऱ्याचं थोडक्यात. उन्हाळ्यात दिवसा जमीन तापते आणि वारा तळ्याकडून येतो, रात्री उलटा आणि मंद. तेव्हा तळ्याकडे खाली उघडणाऱ्या खिडक्या आणि विरुद्ध बाजूला वर, छताजवळ, म्हणजे गरम हवा आपोआप निघून जाते. हिवाळ्यात मात्र गोठलेलं तळं म्हणजे वाऱ्याला मोकळं मैदान, अडवायला ना झाड ना कुंपण. त्यामुळे मुख्य दार तळ्याकडे नको, आणि दाराआड दुसरं दार हवं, मधे बूट-कोट ठेवायची छोटी खोली. तुमच्या प्लॅनमध्ये सहा पल्ल्यांचं सरकतं दार थेट हॉलमध्ये उघडतं. उणे ३० ला ते एकदा उघडून बघा, बंद करेपर्यंत रुळात बर्फ धरतो की नाही सांगा मला.

आता जमीन, आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. सर्वसाधारण समज असा की पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून पाया उचलला जातो. फुगतं हे खरंय पण पायाला वर ढकलणारा मोठा चोर तो नाही. स्टीफन टेबर नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२०-३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन हे द्रव रसायन घालून गोठवलं, बेंझिन गोठताना फुगत नाही, उलट आकसतं, आणि तरीही माती वर उचलली गेली! खरं काय होतं तर दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं खालचं पाणी बारीक मातीतून गोठणाऱ्या थराकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाच्या चकत्या जाडजाड होत जातात. याला तीन गोष्टी लागतात, थंडी, बारीक गाळाची माती आणि जवळ पाणी. तळ्याच्या काठाला तिन्ही एकत्र मिळायची शक्यता कुठल्याही साध्या प्लॉटपेक्षा जास्त, म्हणून शेजारच्या गावातलं फाउंडेशन ड्रॉइंग उचलून इथे चालत नाही. आधी मातीची टेस्ट करा, तीही काठाजवळ आणि वर अशा दोन्ही जागी.

उपाय माहितीतलेच आहेत. एक म्हणजे जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्याही खाली पाया न्यायचा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तर नियमानेच दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच खोली लागते. पण तळ्याकाठी तेवढं खोदलं तर खड्ड्यात पाणीच येतं, मग दुसरा मार्ग, पाया उथळ ठेवायचा आणि त्याच्या भोवती जमिनीत आडव्या इन्सुलेशन शीट्स पसरायच्या, म्हणजे घराची ऊब खाली अडकून राहते आणि थंडी पायापर्यंत पोचत नाही. उत्तर युरोपातल्या थंड देशांत असे पाये सर्रास करतात. ही युक्ती गरम ठेवलेल्या घरालाच चालते, हिवाळाभर बंद राहणार असेल तर तिचं वेगळं डिझाइन लागतं. दोन्ही प्रकारांत पायाखाली जाड खडी आणि पाण्याला वाट हवीच. आणि घराचं सगळं व्यवस्थित केलं तरी डेक विसरतात. घर उबदार, डेक उघडा, घराचा पाया जागेवर आणि डेकचे खांब वर, एप्रिलमध्ये दार उघडायला गेलं की डेकच्या फळीला अडकतं. खांबाच्या बाजूंना गोठलेली माती चिकटते आणि खांबाला धरून उचलते, नुसती खोली पुरत नाही, खांब गुळगुळीत हवा आणि तळाशी रुंद. तळ्याकडचा डेक हाच तर लेखातला हिरो होता, त्याच्या खांबांबद्दल एक ओळ असती तरी चाललं असतं.

बर्फ नुसता वरून पडत नाही, तळ्यातून चालतही येतो, हे ज्याने बघितलं नाही त्याला पटत नाही. मे २०१३ मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबात डॉफिन सरोवराचा फुटलेला बर्फ वाऱ्याने ढकलला जाऊन ओकर बीचच्या घरांवर चढला, काही घरं पार चिरडली, आणि त्याच सुमारास मिनेसोटाच्या मिल लॅक्स तळ्यावरही बर्फ घरांच्या दारा-खिडक्यांतून आत आला. मे महिन्यात, म्हणजे हिवाळा संपला म्हणून सगळे निवांत असताना. वारा लांब तळ्यावरून सरळ काठाकडे येणारा आणि काठ उतरता, असा प्लॉट असला की हा धोका धरायचाच. प्लॉट बघायला जाल तेव्हा काठाला समांतर माती-दगडांचा उंचवटा आहे का बघा, वर्षानुवर्षं बर्फाने ढकलून केलेला बांध असतो तो, बर्फ कुठपर्यंत येतो त्याची सहीच म्हणा. घर त्याच्या बऱ्यापैकी मागे हवं. व्ह्यूला आडवा येतो म्हणून तो बांध बुलडोझरने सपाट करणारे महाभागही असतात.

उलट तळं गोठलंच नाही तर? फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यात ईरी सरोवराकाठच्या हूवर बीचवर वादळात लाटांचे फवारे घरांवर उडून तिथेच गोठले, घरं दारं-खिडक्यांसकट बर्फात गाडली गेली. त्या हिवाळ्यात सरोवरावर बर्फाचं झाकणच जेमतेम होतं, असतं तर लाटा उठल्याच नसत्या. म्हणजे हिवाळा सौम्य झाला की काठावरचं घर सुखी होईल असं समजायचं कारण नाही. पाण्याच्या पातळीचंही तेच, उत्तर अमेरिकेतल्या मिशिगन-ह्यूरॉन सरोवराने जानेवारी २०१३ मध्ये विक्रमी तळ गाठला आणि २०२० मध्ये कित्येक महिन्यांचे उच्चांक मोडले, सात वर्षांत सहा फुटांचा फरक. विकणारा तुम्हाला ज्या दिवशी काठ दाखवतो तो त्या दिवसाचा काठ असतो. जुन्या नोंदी मागा, नाहीतर दगडांवरच्या खुणा बघा, आणि काठाची झाडंझुडपं काढू नका, मातीही तीच धरतात आणि अंगणातली खतं पाण्यात जायच्या आधी तीच अडवतात.

भिंतीबद्दल लेखात "श्वास घेणारी भिंत" असं काहीतरी होतं. अहो, श्वास घरात राहणाऱ्या माणसांनी घ्यायचा, भिंतीने नाही. फटींतून निघणारी उबदार हवा भिंतीच्या पोटात गार होते आणि तिथे पाणी सोडते, इन्सुलेशन ओलं, लाकूड बुरशीचं. घर हवाबंद करायचं आणि ताजी हवा मशीनने आणायची, जाणाऱ्या हवेची ऊब येणाऱ्या हवेला देऊन. हे काही नवीन खूळ नाही, कॅनडातल्या रेजायना इथे १९७७ मध्ये सस्कॅचेवान कन्झर्वेशन हाउसमध्ये हेच केलं होतं आणि १९९१ मध्ये जर्मनीत डार्मश्टाटला पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे जवळपास हीटरशिवाय उबदार राहणारं घर, उभं राहिलं. पॅसिव्ह हाउसचा निकष असा की दारात पंखा बसवून ५० पास्कल दाब दिला तर तासाला घरातल्या हवेच्या ०.६ पटच हवा गळायला हवी. ही टेस्ट प्लास्टरच्या आधी करा, नंतर फटी सापडतात पण हात पोचत नाही. फक्त दोन टोकांच्या हवेत एक पेच आहे. हिवाळ्यात बाष्प आतून बाहेर जातं म्हणून प्लास्टिकचा थर आतल्या बाजूला मारतात, पण दमट उन्हाळ्यात एसी लावला की बाष्प बाहेरून आत येतं आणि नेमकं त्याच प्लास्टिकच्या मागे अडकतं. तेव्हा साधं प्लास्टिक नको, आर्द्रतेप्रमाणे कमी-जास्त बाष्प सोडणारा पातळ पडदा (मेम्ब्रेन) मिळतो तो घ्या. महाग आहे, पण भिंत उघडून परत बांधण्यापेक्षा स्वस्त.

छपराचं जास्त बोलत नाही. वळचणीला बर्फाचे लोंबते सुळे फोटोत गोड दिसतात, तुमच्याही पानावर आहेत, पण त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की घरातली उष्णता छपरातून गळतेय, वरचा बर्फ वितळतोय आणि थंड वळचणीला येऊन परत गोठतोय. मग त्यामागे पाणी तुंबतं आणि कौलांखालून आत येतं. वळचणीला हीटिंग वायर लावणं म्हणजे रोग सोडून घाम पुसणं. आणि पत्र्याच्या उताराखाली दार ठेवू नका, बर्फ एकदम घसरतो.

एक गोष्ट तळं खरंच देऊ शकतं आणि तिचा लेखात उल्लेखच नाही. पाणी ४ डिग्रीला सगळ्यात जड असतं, म्हणून खोल तळ्याच्या बुडाशी, वर बर्फ असतानाही, साधारण ४ डिग्रीचं पाणी बसलेलं असतं. टोरोंटो शहर २००४ पासून ऑन्टॅरिओ सरोवराच्या ८३ मीटर खोलीवरचं असंच पाणी वापरून इमारती थंड करतंय. एका घरासाठी एवढं लागत नाही, बुडाशी पाइपचं बंद वेटोळं टाकून हीट पंपाला (बाहेरची ऊब ओढून घरात आणणाऱ्या मशीनला) जोडलं की उणे ३० च्या हवेतून ऊब ओढण्यापेक्षा कितीतरी कमी विजेत काम होतं. अटी तीन, तळं पुरेसं खोल हवं, परवानगी हवी, आणि पाइप काठ ओलांडतो तिथे तो जमिनीत खोल पुरलेला हवा, नाहीतर वर सांगितलेला चालता बर्फ तो पाइप उखडून नेतो.

आणि शेवटचं, अशी बरीच घरं हिवाळ्यात बंद असतात. हीटर मंद ठेवून निघून जायचं आणि वीज जाणार नाही अशी आशा करायची, हा प्लॅन नाही. नळाचे सगळे पाइप एकाच उतारावर आणि सगळ्यात खालच्या टोकाला एकच व्हॉल्व्ह, तो उघडला की घर रिकामं व्हायला हवं, हे ड्रॉइंगमध्येच ठरवावं लागतं, फरशी झाल्यावर नाही. बाहेरच्या भिंतीत पाण्याची लाइन अजिबात नको. तुमच्या प्लॅनमध्ये किचनचं सिंक तळ्याच्या खिडकीखाली, म्हणजे थेट बाहेरच्या भिंतीला लावलंय, तिथे निदान पाइप फरशीतून वर घ्या आणि कपाटाच्या दारांना जाळी ठेवा म्हणजे खोलीची ऊब पाइपपर्यंत पोचेल. सिंकच्या आणि संडासच्या वाकड्या पाइपातलं पाणी व्हॉल्व्ह उघडून जात नाही, ते वेगळं काढून त्यात विषारी नसलेलं अँटीफ्रीझ ओतायचं, गाडीतलं नाही.

आपला,
एक वास्तुविशारद वाचक